पाहुण्याची थाळी

थाळीला आजही कोणी तोंड लावलं नव्हतं. अंड्यावर मुंग्या चढल्या होत्या, पावाचा तुकडा वाळून वाकडा झाला होता. तिने थाळी आत आणली आणि मान खाली घालून नळ सोडला.

"नाही आला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"येईल गं. जातोय कुठे!"

"घर पेटवून दिल्यावर कोण येतं, आई?"

दोष तिचाच होता. पानगळ सुरू झाली की बाग आवरून टाकायची, म्हणून रविवारी तिने नवऱ्याला कामाला जुंपलं. त्याने मागच्या कोपऱ्यातलं वाढलेलं कुंपण कंबरेपर्यंत छाटलं. तिने तिथला वाळक्या फांद्यांचा आणि पानांचा ढीग ओढून काढला आणि काडी लावली. सासूबाई दारातून म्हणाल्या होत्या, "तेवढा कोपरा राहू दे की." कोणी ऐकलं नाही. नवरा हात झटकत म्हणाला, "आता कसं, माझ्या खुर्चीतून थेट भिंतीपर्यंत दिसतं!" त्याचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. दिवसभर तो तिथेच कॉम्प्युटरला चिकटलेला.

पाहुण्याचं बिऱ्हाड त्याच ढिगामागे होतं, हे तिच्या डोक्यात आलं तेव्हा ढिगाची राख झाली होती.

पाहुणा हे नाव नवऱ्यानेच ठेवलेलं. कामावर जाताना ती पाखरांसाठी ढिगामागे थाळीत काहीबाही ठेवायची. पाखरं खातात कमी, सांडतात जास्त. इथे मात्र संध्याकाळी थाळी चाटूनपुसून लख्ख. नवऱ्याच्या मते मुंगूस, शेजारणीच्या मते रानमांजर. सासूबाईंना एकदा दिसलं होतं म्हणे. "पाठमोरं होतं बाई. तपकिरी काहीतरी." मग तिलाही हुरूप आला. थाळीत उकडलेलं अंडं आलं, बटाटा आला, सफरचंदाच्या फोडी आल्या.

आणि आता हे.

ग्रंथालयात ती मुलांच्या विभागात काम करायची. पाहुण्याच्या गोष्टी तिने तिथे रंगवून सांगितलेल्या. "काल काय खाल्लं त्याने?" एका मुलीने विचारलं.

"अंडं," ती म्हणाली, आणि उगाचच कपाटाकडे तोंड करून पुस्तकं सरळ करत बसली. कान गरम झाले होते. जीव घ्यायचा तो घ्यायचा, वर पोरांशी खोटं बोलायचं.

घरी आल्यावर ती काठीने राख उकरायला बसली. एखादं हाड, एखादा जळका केसांचा पुंजका. काहीच सापडेना, तरी हात थांबेना. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काही जळलंबिळलं नाही. ऊठ बघू."

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी नजर राखेकडे वळवली. मग म्हणाल्या, "मला आपलं वाटतं."

घरात सासूबाईंचं ओझं असं कधी झालंच नाही. नवऱ्याने चेष्टा केली तरी मनाला लावून घ्यायच्या नाहीत. आल्या त्याच आठवड्यात त्या परत वाढून घेत असताना त्याने टेबलावर, "आई, भांडं तरी ठेव!" म्हटलं, तेव्हा सगळ्यांत जास्त त्याच हसल्या होत्या. खाण्यापिण्याची कटकट नाही. सून आणि मुलगा वजनाला जपणारे; रात्री सूप आणि एखादा टोस्ट. त्यांचंही तेवढ्यावर भागायचं. त्या रात्री सुनेला सूपही जाईना.

"एका जनावरासाठी किती ते!" नवरा म्हणाला.

"आपण त्याला घराबाहेर काढलं. लाज वाटते मला."

"अगं, खा तू," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुझी काही चूक नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. एका मुक्या जिवासाठी एवढं वाटून घेणाऱ्या बाईसमोर तिला आणखीच खाली बघावंसं वाटलं.

शनिवारी तिने प्रायश्चित्त घ्यायला काढलं. ग्रंथालयाच्या आवारातली पानं पोत्यांत भरून आणली, शेजारणीच्या छाटलेल्या फांद्या मागून घेतल्या. लाकडं रचली, वर फांद्या, त्यावर पानं. सासूबाईंनीही बाह्या वर केल्या.

"आणखी उंच कर."

"इवल्याशा जनावराला एवढं उंच?"

"टेबलावरून दिसायला नको. बुजतं ते."

तिला पटलं. ढीग खांद्याएवढा झाला. सोमवारी कामावर जाताना तिने त्याच्यामागे थाळी ठेवली. अंडी दोन ठेवली. चुकीची भरपाई म्हणून.

संध्याकाळी थाळी लख्ख होती.

ती तिथेच ओल्या मातीत बसली आणि रडली. मग आत जाऊन सासूबाईंना मिठी मारली. "आला, आई! माफ केलं त्याने!" सासूबाई नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिला राहवेना. एकदा तरी डोळ्यांनी बघायचं होतं, मनातल्या मनात का होईना, चुकलं म्हणायचं होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती दुपारीच परतली. पुढच्या दाराकडे न जाता बाजूच्या फाटकाने शिरली. चपला हातात घेतल्या. ढिगामागे काहीतरी खुडबुडत होतं. थाळी खडकन वाजली. ती श्वास रोखून पाऊल पाऊल पुढे सरकली आणि अलगद एक फांदी बाजूला केली.

पालथ्या बादलीवर सासूबाई बसल्या होत्या, थाळी मांडीवर घेऊन, दोन्ही गाल भरलेले.