चार गुण

टॉपरला चार गुण मिळाले आणि तिच्या रूममेटला एकोणीस. कॉलेजनं सगळ्या मुलींकडून मनाच्या तब्येतीची प्रश्नावली भरून घेतली होती. जितके गुण जास्त, तितकं मन आजारी. पंधराच्या वर गेलेल्यांना दर मंगळवारी समुपदेशक बाईंचा पाऊण तास मिळायचा. चारवालीला मिळाली नुसती चिठ्ठी, 'तुमची तब्येत उत्तम आहे.'

"आत काय करतात गं?" तिनं विचारलं.

"काही नाही. मी बोलते, त्या ऐकतात." रूममेट नुकतीच बाईंकडे रडून आली होती आणि आता आरामात केस विंचरत होती.

टॉपरचा नुसता जळफळाट झाला. सलग पाऊण तास आपलं कुणी ऐकलंय, असं तिला उभ्या जन्मात आठवेना. आई फोनवर 'बरी आहेस ना?' विचारायची आणि 'हो' ऐकलं की निश्चिंत व्हायची. प्रश्नावलीलाही तिनं घरच्याच वळणानं उत्तरं दिली होती. आता तर तिला रूममेटच्या रडण्याचाही हेवा वाटू लागला.

पुढच्या सत्रात पुन्हा प्रश्नावली आली. आजवर एकाही परीक्षेत मान न वळवलेल्या या पोरीनं शेजारी बसलेल्या रूममेटच्या कागदावरून कॉपी केली, ओळ न् ओळ. या खेपेला दोघींनाही अठरा.

मंगळवारी ती बाईंसमोर बसली. बाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"पूर्वी आवडायचं पण आता नकोसं झालं, इथं तू पोहणं लिहिलंयस. पोहतेस?"

"नाही."

"मग काय आवडायचं तुला?"

तिनं आठवून पाहिलं. अभ्यास, धाकट्या भावंडांचं करणं, पुन्हा अभ्यास.

"तसं काही नव्हतंच, मॅडम. मागच्या वेळी ती जागा कोरी सोडली होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ही उत्तरं तुझी नाहीत."

"नाहीत. माझं डोकं दिवसभर भणभणतं, छाती धडधडते, वर्गात बसल्या बसल्या हातपाय गार पडतात." तिनं कागद ओढून घेतला, उलटसुलट करून पाहिला. "हे कुठल्या प्रश्नात लिहायचं होतं?"