सैल बोल्ट

दिवे गेले तेव्हा वायरमनचा हात बॅटरीवरच होता.

"गेले बघा पुन्हा," गाडीचा मालक दारातून म्हणाला. "तीन आठवडे हे असंच चाललंय."

वायरमनने मीटर लावला. बॅटरी ठणठणीत होती. तरी पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं गप्प. चाकांवरचं घरच ते. मागे पलंग, मध्ये ओटा, पुढे स्टिअरिंग. गाडी जुनी असल्यामुळे घराला आणि इंजिनाला मिळून एकच बॅटरी. वीज गेली की किल्ली कितीही फिरवा, इंजिन ढिम्म. सकाळी वर्कशॉपसमोर ती अशीच अडकली होती. चौघांनी ढकलून आत घेतली.

"आधी कोणाला दाखवली?"

"चार जणांना. एकाने बॅटरी बदलली, एकाने फ्यूज, एकाने तर अख्खं वायरिंग उसवलं. एक-दोन दिवस चालते, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

"वीज जावयासारखी असते हो. कशावरून रुसली ते सांगत नाही, आपणच शोधायचं."

मालक मोकळेपणाने हसला. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. मागच्या पलंगावर एक म्हातारी बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ती हसली नाही.

"आई माझी," मालकाने आवाज खाली आणला. "हल्ली डोकं ठिकाणावर नसतं. जरा फिरवून आणा म्हणाले डॉक्टर. काहीबाही बोलली तर मनावर घेऊ नका."

वायरमनने मान डोलावली. त्याची स्वतःची आई शेवटची दोन वर्षं गॅस उघडा टाकून अंगणात जाऊन बसायची. त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.

तासभर तो एकेक तार धरत मागे गेला. जोड हलवून पाहिले, मीटरची टोकं टेकवून पाहिली. शेवटी पलंगापाशी पोचला. पलंगाखाली लाकडी झाकण होतं. त्याच्या आत अर्थिंगची जाड तार एका बोल्टने गाडीच्या सांगाड्याला जोडली होती. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता. त्याने तो पान्याने आवळला. दिवे आले. फ्रिज घुरघुरायला लागला.

"एवढासा बोल्ट!" मालक म्हणाला. "आणि चौघांना दिसला नाही?"

पाना तिथेच ठेवून वायरमन हात धुवायला बाहेर गेला. दहा मिनिटांनी परत आला तर गाडीत पुन्हा अंधार. मालक दारातच उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता.

वायरमन वाकला. बोल्ट पुन्हा सैल. खड्ड्यांनी सुटला म्हणावं, तर गाडी जागची हललेली नव्हती. त्याने वर पाहिलं. म्हातारीच्या बोटांना काळं ग्रीस लागलं होतं.

"राहू दे ना सैल," ती म्हणाली. "ऐक माझं बाळा, राहू दे."

मालकाने कपाळावर हात मारला. "म्हणजे हे तुझे उद्योग? अगं, का पण?"

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "तुझ्याकडे फोन आहे का रे?" तिने वायरमनला विचारलं. "माझ्या मुलीला लावून दे. वाट बघत असेल ती."

वायरमनचा हात खिशाकडे गेला. मालकाने मान हलवून नको म्हटलं आणि त्याला पायरीपाशी नेलं.

"ताईला जाऊन चार वर्षं झाली," तो कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते. "रोज विचारते. खरं सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते. म्हणून मी सांगायचंच सोडलं."

वायरमनने फोन खिशातच ठेवला. आत जाऊन तो म्हणाला, "नंतर लावू हं, आजी."

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने नजर वळवली.

मग तो कामाला लागला. आपल्या आईच्या गॅसला केली होती तशीच पत्र्याची पेटी त्याने कापून केली, बोल्टवर बसवली, सांगाड्याला वेल्डिंग केली. वर कुलूप. तो खाली वाकलेला असताना म्हातारीने त्याचं मनगट घट्ट धरलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. मालक आत डोकावला आणि तिने हात सोडला.

"आता हत्तीने ओढला तरी सुटायचा नाही," वायरमनने किल्ली मालकाच्या हातात दिली.

"फार उपकार झाले," मालक म्हणाला. "आता न थांबता लांब जाता येईल."

पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झालं. गाडी वळणाआड जाईपर्यंत वायरमन बघत उभा राहिला. काम चोख झालं होतं. तरी त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी, भर दुपारी, वर्कशॉपच्या दारात एक बाई उतरली. धुळीने माखलेली, डोळे जागरणाने लाल. तिने फोटो पुढे केला. "ही माझी आई. कुठे पाहिलीत का? जुन्या मोटरहोममध्ये, एका माणसाबरोबर?"

वायरमनने फोटो हातात घेतला. "परवा इथेच होती," तो म्हणाला.

"आईच्या सोबतीला ठेवला होता आम्ही त्याला. एक दिवस घरी आले तर घर रिकामं, आईचं पेन्शनचं पासबुकही गेलेलं. गाडीची नंबरप्लेट बदलत फिरतो, पोलिसांनाही सापडत नाही." बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. "पण आई खमकी आहे. तीस वर्षं तंत्रशाळेत वीजकाम शिकवलंय तिने. तो नेईल तिथे ती गाडी बंद पाडते. तेवढ्यावर तर मी वर्कशॉप विचारत इथवर आले. पहिल्या ठिकाणी दहा दिवस उशिरा पोचले होते. इथे दोनच."

तिने फोटो परत घेतला आणि तळहाताने हळूच पुसला.

"आता आणखी एकदाच बंद पडू दे," ती म्हणाली. "एकदाच."