बेचाळिसावा मुद्दा

क्रेनच्या हुकाला टांगलेली लॅडल, म्हणजे ओतकामाची अजस्र बादली, मध्येच थांबली. तिच्यातलं आठ टन वितळलेलं लोखंड फाउंड्रीच्या मधोमध, दोन पुरुष उंचीवर, न डुलता लटकत राहिलं.

सुपरवायझरने घड्याळ पाहिलं. वरच्या केबिनमध्ये क्रेनवाल्याची मुलगी होती. आज तिची परीक्षा. वाटेत विनाकारण थांबलं तर नापास, आणि नापास म्हणजे नोकरी नाही, हे तिला कालच बजावलं होतं.

"का थांबलीस?" त्याने वॉकीटॉकीवर विचारलं.

"बघते." ती एकेक गोष्ट मोठ्याने तपासू लागली. बापाने तीन महिने सांगून तिच्याकडून एकेचाळीस मुद्दे लिहून घेतले होते. एवढं तर आमचं लग्न ठरतानाही हे बोलले नव्हते, असं आई म्हणाली होती. दोर, हुक, वजन, हेलकावा, रूळ. "सगळं बरोबर आहे."

"मग?"

"पाय ब्रेकवर गेला. का, ते सांगता येत नाही."

"काका, लेक घाबरली तुमची," सुपरवायझर शेजारी उभ्या क्रेनवाल्याला म्हणाला. "पुढे ने म्हणावं. नाहीतर मला फुली मारावी लागेल."

क्रेनवाल्याचं लक्ष स्वतःच्या उजव्या बुटाकडे होतं. टाच उचललेली, पोटरी ताठ, चवडा फरशीवर रुतलेला. तिथे पेडल नव्हतं. पाय केव्हा दाबला गेला, ते त्याने आठवून पाहिलं. लॅडल थांबायच्या आधी.

त्याने वर नजर फिरवली. दोर, हुक, रूळ. कुठेच काही चुकलेलं दिसेना.

त्याने सुपरवायझरच्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतला. "पोरी, आहे तसं सोड आणि दाराजवळच्या शिडीने उतर. धावू नकोस." मग साच्यांपाशी वाकलेल्या सात जणांना म्हणाला, "हातातलं टाका. बाहेर चला."

"अहो, पण मी कारण काय लिहू?" सुपरवायझर म्हणाला.

"आधी जागा सोडा. कारण येईल मागून."

सातवा माणूस दाराबाहेर पडला. मुलीचा पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता, तेव्हा आठ टनांचं कारण वरून खाली आलं.