अडकणारं शटर

“चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं, पण आई-बाबांना हे भिकार शटर काही दुरुस्त करून घेता आलं नाही!”

एका बाजूनं उचललं की ते दुसरीकडे अडकत होतं. बाबांपाठोपाठ आईही गेली आणि ही ब्याद माझ्या गळ्यात पडली.

शेजारचे पानवाले काका म्हणाले, “ते दोघं दोन टोकांना धरायचे. मी कारागीर आणला होता, तर तुझ्या आईनंच परत पाठवला.”

“का?”

“म्हणाली, ‘कितीही भांडण झालं तरी सकाळी यांना मला हाक मारावीच लागते. राहू दे तसंच.’”

माझी बायको स्कूटरपाशी पाठ फिरवून उभी होती. कालपासून आमचा अबोला.

मी एक टोक घट्ट धरलं.

“अगं,” मी चिडूनच म्हणालो, “हात लावतेस का जरा?”