उसनी मुलं

"फोटो काढताना कुणी हसायचं नाही. सरळ बघायचं," शांताबाईंनी मुलांना पुन्हा एकदा बजावलं आणि मग दारात उभ्या असलेल्या सुजाताकडे वळून त्या स्वतःच हसल्या.

वर्ग भरलेला बघून सुजाता उंबऱ्यातच अडली. या तेलुगू शहरातल्या कोठी भागात, पुस्तकबाजारामागच्या या मराठी शाळेत अलीकडे कुणी नवं नाव घालत नाही, हे तिला ठाऊक होतं. आज मात्र बाक दारापर्यंत गच्च होते. कुणाच्या अंगात भलत्याच शाळेचा गणवेश आणि तो झाकायला एवढ्या उकाड्यात वरून स्वेटर. सगळे "नमस्ते मॅडम" म्हणाले, त्यात एक जण "नमस्कारम् टीचर" म्हणाला आणि शेजारच्याचा चिमटा खाऊन गप्प बसला.

सुजाताला शिक्षण खात्यात नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. दहाच्या खाली पट असलेली शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळायची, या धोरणाच्या टिपणीची भाषा तिनंच नीटनेटकी करून दिली होती. साहेब खूश झाले होते. कागदावर ते शहाणपणाचं दिसतही होतं. पहिलीच तपासणी आपण शिकलो त्याच शाळेची निघेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"बस ना, सुजाता. चहा सांगते. आधी तुझा मुआयना उरकून घे, मग निवांत बोलू."

"बाई, ही मुलं..."

"नवी आहेत. मराठी येईल हळूहळू. काय रे, येईल ना?"

"हौ टीचर!" सगळी एका दमात ओरडली.

सुजातानं फोन काढला.

"हा नुसता फोटो नसतो, बाई. हा चेहरा ओळखतो. कोण कुठल्या शाळेच्या पटावर आहे, ते सगळं याला माहीत असतं."

शांताबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. फोननं तोवर आपलं काम सुरू केलं होतं. एकेका चेहऱ्याभोवती चौकट उमटत गेली. चार हिरव्या. बाकीच्या लाल, आणि त्यांच्याखाली दुसऱ्या शाळांची नावं. मागच्या बाकावरची एक चौकट तेवढी कोरीच राहिली; तो चेहरा कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हता.

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत जवळ आल्या. मुलांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलू लागल्या.

"पूर्वी इन्स्पेक्टर यायचे, डोकी मोजायचे, चहा पिऊन जायचे. त्यांना काय कळत नव्हतं? माणसं होती ग ती. आणि तुला तरी मी कुठून आणली होती? गल्लीतल्या नळावर भांडी घासत बसली होतीस. मुआयना झाला, बाकीची पोरं पळाली, तू आपली बसूनच राहिलीस. विसरलीस?"

"नाही, बाई."

ती विसरली नव्हती. त्या सकाळी बाईंनी आपल्या हातानं तिच्या डोक्याला तेल चोपडलं होतं. त्या तेलाचा वाससुद्धा तिला आठवत होता.

"मग दाब की त्यात काहीतरी! एवढी शिकलीस, मोठ्या परीक्षा पास झालीस. मला माझं काही नको, मी मार्चमध्ये रिटायर होते. पण माझी ही चार लेकरं तिकडच्या गर्दीत काय करतील? विचारणार कोण त्यांना?"

"मी काहीही दाबलं तरी वर सगळं दिसतं, बाई. माझी नोकरी जाईल. आणि तुमची पेन्शनही अडकेल."

खरंच होतं ते. पण आपली नोकरी आपण आधी म्हटली, हे तिचं तिलाच ऐकू आलं, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

"एंत मंदी, अम्मा?"

किती जण, एवढंच त्यांना हवं होतं. सुजातानं समोर पाहिलं. सांगितल्याप्रमाणे एकही मूल हसत नव्हतं. आता तरी बाईंनी आपल्याला ओरडावं, फोन हिसकावून घ्यावा, असं तिला वाटलं. बाई नुसत्या बघत राहिल्या.

"नलुगुरु, सर," ती म्हणाली. चौघं.

"व्हेरी गुड," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

"जा रे, सुट्टी," बाई म्हणाल्या. उसनी मुलं स्वेटर ओढून काढत, बाकांवरून उड्या टाकत पळाली. तीन पोरगे आणि एक पोरगी, बाईंची हक्काची, तेवढी पुढच्या बाकावर उरली. बाईंनी फळ्यावरचं 'सुस्वागतम्' पुसायला घेतलं.

मागच्या बाकावर अजून कुणीतरी होतं. कोऱ्या चौकटीतली मुलगी. पाटी पोटाशी धरून, पाय हलवत बसलेली. डोक्याला चोपडलेलं तेल कानशिलावर ओघळत होतं.

"टीचर," तिनं विचारलं, "कल बी आना क्या?"

शांताबाईंचा हात फळ्यावरच थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मॅडम कू पूछ," त्या म्हणाल्या.

मुलीनं मान वळवली आणि बाईंनी बजावलं होतं तसं, न हसता, सुजाताकडे सरळ बघत राहिली.