गुणाची सुई

पोट फुगलेल्या वसरामला चुन्यासारखं पांढरं औषध पाजून नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. वसरामला बाहेर बसवून, फोटो उजेडाला धरून ते म्हणाले, "अन्ननळीच्या शिरा फुगल्यात. लिव्हर आतून कडक झालं की असं दिसतं. फार पितो का तो?"

"थेंबसुद्धा न्हाई, साहेब," सोबत आलेला कुरुंद्याचा जळबा कंपौंडर म्हणाला. "चार वर्षांमागं कावीळ झालती, तेवढीच."

"मग ती कावीळ सुईतून आली असेल, तिनंच लिव्हर खाल्लं. न उकळता एकच सुई सगळ्यांना टोचत सुटतात लोक."

त्या साली वसरामच्या तांड्यावर घरोघर कावीळ होती, आणि घरोघर टोचणारा जळबाच होता. एक दंड झाला की सुई कोमट पाण्यातून काढायची, की लगेच दुसरा दंड. पुढं एकदा टोचून फेकायच्या नव्या सुया आल्या तेव्हा तांड्यानंच हात मागं घेतले होते. "जुनीच द्या, तिला गुण हाय," म्हणाले, आणि जळबा केवढा फुशारला होता!

परतीच्या एसटीत वसमत येईपर्यंत त्याला वसरामच्या तोंडाकडं बघवलं नाही. शेवटी सगळं सांगून टाकावं म्हणून तो वळला, तोच वसरामनं त्याचा हात धरला.


"कंपौंडरसाब, माजं ऱ्हाऊ द्या आता. घरी धाकटी लेक तापानं फणफणून राहिली. तिला तेवढी तुमची जुनीच सुई द्या."