बेचाळीस पावलं

धातू शोधायचं यंत्र एकदम चार वेळा वाजलं. एव्हेलिओला वाटलं, पुन्हा बाटल्यांची बुचं. तरी तो गुडघ्यांवर बसला आणि खुरप्याने गाळ उकरू लागला. गेल्या आठवड्यात ओढ्याने काठ खाल्ला होता, त्यामुळे आर्मेरो गावाचा जुना रस्ता तिथे जवळजवळ वर आला होता. वीतभर खाली सिमेंट लागलं. सिमेंटात चांदीची चार नाणी बसवलेली होती.

त्याचा हात तिथेच थांबला. ही नाणी त्याने तेरा वर्षं रोज ओलांडली होती, टपालाची पिशवी खांद्याला लावून. घर बांधताना शेजारीण रोस्मिराच्या नवऱ्याने ओल्या उंबरठ्यात ती दाबली होती, नवरा-बायको आणि दोन लेकरं, चौघांच्या नावाने एकेक. गल्लीतली पोरं खिळ्याने ती उचकटायला बघायची आणि त्याच्या शिव्या खायची. आता त्या पोरांतलं कोणीही नव्हतं.

अडतीस वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा डोंगर फुटला, चिखलाचा लोंढा आला आणि एका रात्रीत गाव गेलं. एव्हेलिओ त्या दिवशी टपाल आणायला इबागे शहरात गेला होता, रोस्मिरा बहिणीकडे. दोघंही एकेकटी उरली. वाचलेल्यांनी पुढे आपापल्या घराच्या जागी क्रॉस रोवले. आंब्याच्या एका मोडक्या खोडावरून रोस्मिराने आपली जागा ओळखली आणि तिथे पांढरा क्रॉस उभा केला. एव्हेलिओने मात्र रोवला नाही. बायको नोहेमी आणि लहानगी लेक लुस नेमकी कुठे आहेत हे कळल्याशिवाय क्रॉस रोवणार नाही, असं तो म्हणायचा. दुसऱ्याच्या घरात जाऊन रडायचं नसतं.

रस्ता त्याला तोंडपाठ होता. रोस्मिराच्या उंबरठ्यापासून उताराने बेचाळीस पावलं, की त्याचं दार. म्हणून तो तिच्या क्रॉसपासून मोजायचा आणि बेचाळिसाव्या पावलाच्या आसपास यंत्र फिरवायचा. यंत्र घेऊन अकरा वर्षं झाली. चमचे सापडले, किल्ल्या सापडल्या, कुणाच्या तरी गळ्यातली कुमारी मारियेची चकती सापडली, पण त्याच्या घरातलं काही नाही. लोक म्हणत, म्हातारा बँकेची तिजोरी शोधतोय. तो आपला यंत्र फिरवत राही. फक्त त्या पांढऱ्या क्रॉसच्या दहा पावलांत त्याने यंत्र कधी नेलं नाही. मेलेल्यांच्या अंगावरून असलं कोकलणारं काही फिरवू नये, एवढी रीत त्याला कळत होती.

दर शनिवारी रोस्मिरा फुलं घेऊन यायची आणि थर्मासमधून त्याला कोरी कॉफी द्यायची.

"काय शेजारी, घर रुसून माहेरी गेलं की काय तुमचं?"

"नोहेमीनेच आतून कडी लावली असणार, शेजारीणबाई. माझे बूट बघितले असतील तिने."

गावभरचा चिखल तुडवून आलेल्या पोस्टमनला नोहेमी बूट काढल्याशिवाय घरात पाऊल टाकू देत नसे. हे रोस्मिराला शंभरदा ऐकून पाठ झालं होतं. ती हसायची आणि आपल्या तीन फुलांशेजारी आणखी दोन ठेवायची. "तुमच्या दोघींना जागा मिळेपर्यंत माझ्याकडे पाहुण्या म्हणून राहू देत," म्हणायची.

एव्हेलिओने उंबरठ्यावरचा गाळ तळहाताने पुसला. उंबरठा जागचा हलला नव्हता. त्याला लागून लाल फरशी आत गेलेली दिसत होती. म्हणजे रोस्मिराचं घर इथे होतं, आणि अडतीस वर्षं ती गुडघे टेकत होती ती जागा तिची नव्हती. त्याला भडभडून आलं. त्याने मूठभर गाळ उचलला. झाकून टाकावं, या वयात तिला हे कशाला सांगायचं. मूठ तशीच धरून तो उभा राहिला.

आणि मग पायांनीच त्याला त्या बेचाळीस पावलांची आठवण करून दिली.

यंत्र तिथेच टाकून तो उंबरठ्याकडे पाठ करून उभा राहिला. उताराकडे तोंड करून चालू लागला, मान खाली घालून, पूर्वी पत्रं चाळत चालायचा तसा. अकराव्या पावलाला पाववाल्याचं दार. सव्विसाव्याला शिंपीण. पुढे त्याला मोजायची भीती वाटू लागली, तरी तो मोजत राहिला. एकेचाळीस. बेचाळीस. गुडघा कशावर तरी आपटला.

त्याने वर पाहिलं. समोर पांढरा क्रॉस होता. पलीकडे स्टुलावर बसून रोस्मिरा कॉफी ओतत होती.

"आज वरून कुठून आलात? आणि चेहरा का असा झालाय?"

"शेजारीणबाई, तुमचा उंबरठा सापडला. चारही नाणी जागच्या जागी आहेत. तिथे, ओढ्याच्या काठाला."

तिने त्याच्या मागे, वर ओढ्याकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवला. मग ती क्रॉसपाशी ठेवलेल्या पाच फुलांकडे बघत राहिली.

"मग इतकी वर्षं मी फुलं कुणाच्या दारात वाहिली, शेजारी?"

एव्हेलिओ खाली वाकला आणि चिखलाने माखलेल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.